दोन राउंडांच्या मधली रात्र

कुणाच्या घरी आजारपण निघालं की पहिला फोन डॉक्टरला जात नाही, ओळखीतल्या एखाद्या माणसाला जातो. "तुम्ही अण्णांना जिथं ठेवलं होतं ते हॉस्पिटल कसं आहे हो?" आमच्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी हॉस्पिटलात बसण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. विचारणाऱ्याला उत्तर तातडीनं हवं असतं. दारात रिक्षा उभी असते, पिशवीत टॉवेल, चादर आणि आधारकार्ड भरून झालेलं असतं. अशा वेळी नुसतं "चांगलं आहे" म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. चांगलं कशावरून म्हणायचं, आणि आपल्यासारख्या बाहेरच्या माणसानं ते ओळखायचं कसं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

गावात हॉस्पिटलची पारख बोलण्यातून होते. "डॉक्टरांना हातगुण आहे." "पैसे घेतात, पण माणूस उभा करतात." "तिथं नका नेऊ, आमच्या मामांचं काय झालं माहितेय ना?" शिकलेली माणसं या बोलण्याला हसतात. मी हसत नाही. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. कोणत्या वारी आलेली बाई कोणत्या विभागात जाणार हे ठरलेलं असे. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनहून कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे आकडे कुणी दाखवले नव्हते, तरी त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज पहिल्या विभागाचा वार आहे असं कळलं की त्या हातापाया पडत, दुसरीकडे घ्या म्हणून विनवत. काहीजणी रस्त्यात बाळंत होणं पत्करत. डॉक्टरमंडळी मात्र हवेला, गर्दीला, बायकांच्या भित्रेपणाला दोष देत राहिली. पुढे इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरनं शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. १८४७ च्या एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर गेलेले मृत्यू जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आले.

म्हणजे काय घडतंय ते बायकांना आधीच कळलं होतं. का घडतंय ते कळायला मोजणारा माणूस लागला. आपल्याकडची बोलाचालीतली पारखही अशीच टोकाच्या गोष्टी बरोबर पकडते: कुणी अचानक गेलं, कुणाला अवाच्या सवा बिल लागलं, कुठे माणसासारखं वागवत नाहीत. पण रोजचं काम तिथं कसं चालतं, हे त्या बोलण्यात क्वचितच येतं, आणि माणूस वाचतो किंवा जातो तो बहुतेक वेळा त्या रोजच्या कामामुळे.

डोळ्यांना सहज दिसतं ते वेगळंच असतं. काचेचा दरवाजा, थंडगार रिसेप्शन, सिटी स्कॅनची पाटी, मुंबईहून येणाऱ्या डॉक्टरांच्या वारांचा फलक. भिंतीवर एनएबीएचचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाकडून मिळतं आणि ते मिळवायला कागदपत्रं, जंतुसंसर्ग रोखायची पद्धत, औषधांची साठवण, आग लागली तर बाहेर काढायची वाट असं बरंच काही दाखवावं लागतं. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, २०१५ पासून स्वच्छतेसाठी कायाकल्प पुरस्कार आहे. हे सगळं असलेलं केव्हाही बरं. ज्या रुग्णालयानं एवढी मेहनत केली त्याला मी एक गुण आधीच देतो. पण तपासणी करणारी माणसं येणार हे आधी कळलेलं असतं, आणि ती दिवसाउजेडी येतात.

अमेरिकेत शिकवणारे अवेडिस डोनाबेडियन नावाचे एक डॉक्टर होते, मूळचे बैरूतचे. वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा जोखावा यावर त्यांनी १९६६ साली एक निबंध लिहिला आणि आजही जगभर त्याच वाटेनं विचार होतो. तीन ठिकाणी बघा, असं त्यांचं सांगणं. हॉस्पिटलकडे काय आहे, म्हणजे इमारत, यंत्रं, माणसं. तिथं प्रत्यक्ष काय केलं जातं. आणि शेवटी रुग्णाचं काय झालं. आपण पहिलं बघून खूश होतो आणि तिसऱ्यावरून भांडतो. मधलं, जे खरं हाताशी येण्यासारखं आहे, ते बघायचं राहून जातं.

तिसऱ्याबद्दल, म्हणजे किती माणसं दगावली याबद्दल, मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तिथं फार अन्याय होतो. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ जण गेले होते. दोन्ही वेळा राज्य हादरलं. अपुरी माणसं, औषधांची टंचाई, खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण, हे सगळं तेव्हा बाहेर आलं आणि ते बाहेर यायलाच हवं होतं. नांदेडच्या मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तेही योग्यच झालं. पण त्याचबरोबर एक गोष्ट रुग्णालयाच्या लोकांनी सांगितली, जी आमच्यासारख्या गावात राहणाऱ्यांना नवी नाही: बरेच रुग्ण आधी दुसरीकडे ठेवलेले, हाताबाहेर गेल्यावर इकडे पाठवलेले होते.

हे रोज घडतं. खाजगीत पैसे संपले, किंवा पेशंट तासाभरात जाईल असं दिसायला लागलं, की "सिव्हिलला न्या" म्हणतात. १०८ ला फोन होतो. मृत्यूची नोंद सिव्हिलच्या रजिस्टरला होते आणि ज्या नर्सिंग होममध्ये अख्खी रात्र वाया गेली, तिथं वर्षभरात एकही मृत्यू नाही असं निघतं. ही अडचण जुनीच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६० च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांमधले मृत्यू शेजारी शेजारी मांडले, तेव्हा तिच्यावर टीका झाली ती याच कारणानं: कोणत्या रुग्णालयात किती गंभीर रुग्ण येतात आणि किती जण मरायच्या आधी घरी धाडले जातात, हे धरल्याशिवाय तुलना करता येत नाही. तिचा आग्रह मात्र रास्त होता. मोजायला तर हवंच.

माझं मत बनलं ते अण्णांच्या आजारपणात.

अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन आम्ही एका नामांकित खाजगी हॉस्पिटलात केलं. सर्जन खरोखर कुशल होते. जखम इतकी सुबक होती की पुढे सिव्हिलच्या डॉक्टरांनीही ती बघून मान डोलावली. संध्याकाळच्या राउंडला सर्जन आले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलले आणि गेले. त्यानंतर सकाळपर्यंत कुणी डॉक्टर खोलीत आला नाही. अकराच्या सुमारास अण्णांना कणकण वाटू लागली. मग खोकला. मग ते उशीला टेकायला तयार होईनात, बसूनच राहिले. मी काउंटरवर गेलो. दोन मजल्यांना मिळून एकच मुलगी होती, जेमतेम विशीची. तिनं वर झोपलेल्या आरएमओंना, म्हणजे रात्री मुक्कामी असणाऱ्या डॉक्टरांना, फोन केला. त्यांनी फोनवरच पॅरासिटामॉल द्यायला सांगितलं. ती गोळी देऊन गेली, पुन्हा मी बोलावल्यावर आली, आणि "सकाळी सर येतील" म्हणाली. तिला दुसरं काही सांगताही येत नव्हतं. तिच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता.

सकाळी सर्जन आले, त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि चेहरा बदलला. न्यूमोनिया, इथं व्हेंटिलेटर नाही, हलवा. कागद गोळा करताना अण्णांच्या पायाशी अडकवलेला टीपीआरचा तक्ता माझ्या हाती आला. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब यांची नोंद. रात्री दहा, दोन आणि सहा असे तीन रकाने भरलेले होते. तिन्ही एकाच शाईनं, एकाच तिरकस अक्षरात, एकाखाली एक ओळीत. नाडी ८०. श्वास १८. रक्तदाब १२०/८०. अण्णांचा रक्तदाब गोळ्या घेऊनही कधी १२०/८० आलेला नाही. दोन वाजता तर मी जागाच होतो आणि त्यांचा श्वास धावत होता. त्या खोलीत तेव्हा दुसरं कुणी आलेलं नव्हतं.

त्या कागदाकडे बघताना मला जे कळलं ते इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. हॉस्पिटलचा दर्जा त्या तीन रकान्यांत होता. ते खरे असते, तर दोन वाजताच्या रकान्यात श्वास २६ किंवा ३० लिहिला गेला असता. तो आकडा लिहिताना लिहिणाऱ्याचा हात थबकला असता. आरएमओला जिना उतरावा लागला असता. उपचार चार-पाच तास आधी सुरू झाले असते. सर्जनच्या कौशल्याचा, एसी खोलीचा, प्रमाणपत्राचा त्या चार-पाच तासांशी काही संबंध नव्हता.

सिव्हिलला पोचलो तेव्हा सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती: पुढील उपचारांसाठी पाठवत आहे. कोणती भूल दिली, कोणतं अँटिबायोटिक चालू आहे, ताप कधी आला, काही नाही. तिथल्या रेसिडेंट डॉक्टरनं विचारलं, "काय काय दिलंय यांना?" मी पिशवीतून मेडिकलची बिलं काढली आणि त्यावरची औषधांची नावं एकेक करून वाचून दाखवली. अण्णांच्या उपचारांचा तेवढाच काय तो लेखी पुरावा आमच्याकडे होता.

वॉर्डात गर्दी होती. दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी टाकून माणसं झोपलेली. संडासात पाऊल ठेवायची सोय नव्हती आणि एक इंजेक्शन बाहेरून आणायची चिठ्ठी मिळाली. हे मी लपवणार नाही. आजारी माणसाला स्वच्छ संडास न देणं ही क्रूरता आहे आणि त्याला निधीचं कारण पुरत नाही. पण रात्रपाळीला ज्या सिस्टर आल्या, त्यांनी दिवसाच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती, घेताना काउंटरवर उभं राहून नुसती यादी ऐकली नाही. दोघी एकेका खाटेपाशी फिरल्या. अण्णांपाशी आल्यावर नव्या सिस्टरनी पांघरूण छातीखाली सरकवलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि म्हणाल्या, "आजोबा, एक मिनिट बोलू नका हं, मी मोजतेय." पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं नाही. चौतीस. तो आकडा त्यांनी बाहीवर लावलेल्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेनानं लिहिला, खाटेची पाठ वर करायचा दांडा तुटलेला होता म्हणून एक गादी गुंडाळून अण्णांच्या पाठीमागे दिली, ऑक्सिजनची नळी नीट बसवली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. नंतर रात्रभर त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. प्रत्येक वेळी तेच: पांघरूण खाली, घड्याळ समोर. बत्तीस. तीस. तीस. पहाटे सव्वीस. तक्त्यावरचे आकडे एकसारखे नव्हते, शाई बदलत होती, एके ठिकाणी खाडाखोड होती. इतका सुंदर कागद मी क्वचित पाहिला असेल.

अण्णा बरे झाले. त्या सिस्टरचं नाव मला माहीत आहे, ते इथं लिहीत नाही.

आता यावरून "सिव्हिल चांगलं, खाजगी वाईट" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. याच्या बरोबर उलट अनुभव मी नातेवाइकांच्या बाबतीत पाहिले आहेत. आणि खरं सांगायचं तर सिव्हिलमधल्या त्या रात्रीतही काळजी करण्यासारखं बरंच होतं. चाळीसेक रुग्णांना दोन सिस्टर होत्या. त्या सिस्टर रजेवर असत्या तर? पलीकडच्या खाटेवरच्या माणसापाशी त्या तेवढा वेळ देऊ शकल्या का? एखादं माणूस मनापासून काम करतं तेव्हा आपल्याला ते भाग्य वाटतं. हॉस्पिटलचा दर्जा म्हणजे जे भाग्यावर सोडलेलं नाही ते. कोणतीही रात्र असो, कुणीही ड्यूटीला असो, दोन वाजता श्वास मोजला जाणारच आणि तो वाढला तर कुणीतरी जिना उतरणारच, याची जिथं घडी बसवलेली असते ते चांगलं हॉस्पिटल.

म्हणूनच ओळख काढून जाण्याच्या आपल्या सवयीबद्दल मला आक्षेप आहे. आमदारांच्या पीएचा फोन, ट्रस्टींची चिठ्ठी, डॉक्टरांच्या गावचे म्हणून सांगणं. अडल्या वेळी माणूस हे करतो, त्यात गैर काही नाही. पण अशी ओळख लावून मिळालेल्या सेवेवरून "तिथं फार छान बघतात" असं दुसऱ्याला सांगू नये. ज्याच्यासाठी कुणीही फोन केलेला नाही, ज्याला प्रश्न विचारायची भीड वाटते, ज्याच्यापाशी रात्री बसायला कुणी नाही, त्या माणसाला तिथं काय मिळतं ते बघावं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि सतरापैकी दहा बाळं गेली. त्या बाळांच्या वतीनं कोण बोलणार होतं?

मोठं शहर, मोठा पैसा असेल तरच हे जमतं असं म्हणणाऱ्यांना मी महाडकडे बोट दाखवतो. डॉ. हिंमतराव बावसकर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, पटापट दगावत. त्यावर उतारा नव्हता, यंत्रं नव्हती. त्यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांची नाडी, रक्तदाब, हातपाय गार पडणं, श्वास लागणं हे सारं टिपून ठेवलं. त्या टिपणांतून हृदयावर आणि फुप्फुसांवर नेमकं काय होतं ते त्यांना उमगलं, १९८२ साली ते 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे रक्तदाबाच्या प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीनं त्यांनी मृत्यू रोखले. शंभरातले तीस-चाळीस जिथं जात होते तिथं ते प्रमाण एक-दोनवर आलं. सरकारनं त्यांना २०२२ साली पद्मश्री दिली. मला त्यात मोलाची वाटते ती मूळची गोष्ट, उशाशी बसून लिहून ठेवणं. जो लिहून ठेवतो त्याला आपलं कुठे चुकतंय ते दिसतं. जो तीन रकाने एकदम भरतो त्याला कधीच दिसत नाही.

तेव्हा आता कुणी विचारलं की मी आधी रात्रीचं विचारायला सांगतो. रात्री डॉक्टर कोण असतात, ते इमारतीतच असतात का, एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? आपल्याकडच्या लहान हॉस्पिटलांत रात्रीचे आरएमओ बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेले असतात. त्यातले कित्येक मन लावून काम करतात. पण मोठ्या डॉक्टरांना रात्री उठवायची त्यांना मोकळीक आहे का, हे महत्त्वाचं. काही हॉस्पिटलांत सरांना रात्री फोन केला म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणी बसतात. अशा ठिकाणी पेशंट ठेवू नये.

मग हात बघावेत. एका रुग्णाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना सिस्टर आणि डॉक्टर हात धुतात का, निदान ते सॅनिटायझर चोळतात का? सेमेलवाइसला जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी हे अजून बघावं लागतं. सलाईनसाठी हातात बसवलेल्या सुईवरच्या चिकटपट्टीवर तारीख लिहिली आहे का तेही मी बघतो. तारीख असेल तर ती सुई बदलायची आठवण कुणाला तरी आहे. आत्याच्या वेळी तारीख नव्हती, सुई तशीच राहिली, हात कोपरापर्यंत सुजला, आणि ज्या तापासाठी ती आली होती तो उतरला तरी या हातासाठी तिला राहावं लागलं.

ऑपरेशन असेल तर भूल देण्याआधी नाव, कोणतं ऑपरेशन, कोणती बाजू हे मोठ्यानं विचारून घेतात का, हे आधीच डॉक्टरांना विचारायला संकोच वाटू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनं यासाठी १९ मुद्द्यांची एक साधी यादी केली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही एक होतं, आणि ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. एक कागद, आणि तो मोठ्यानं वाचायची शिस्त. ज्या सर्जनना आपण हे विचारल्याचा राग येतो, त्यांच्याविषयी मला शंका वाटते. ज्यांनी हसून "हो, आमच्याकडे करतात" म्हटलं, त्यांच्याकडे मी निर्धास्त गेलो आहे.

कागद मागावेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णानं मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत त्याच्या उपचारांची कागदपत्रं द्यावी लागतात. महाराष्ट्रात २०२१ साली नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले, त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आमच्या गावात मी हे फलक शोधत फिरतो. काही ठिकाणी ते आहेत, एके ठिकाणी औषधांच्या कपाटामागे आहे. फलक कुठे लावलाय यावरूनही बरंच कळतं.

आणि सगळ्यात जास्त वजन मी देतो ते "हे आमच्याकडे होणार नाही" असं वेळेवर सांगण्याला. आमच्याच गावात एक वयस्कर डॉक्टर आहेत, दहा खाटांचा जुना दवाखाना, भिंतींचे पोपडे निघालेले. छातीत दुखतं म्हणून गेलेल्या शेजाऱ्याचा त्यांनी आल्या आल्या ईसीजी काढला, अ‍ॅस्पिरिन दिली, जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः फोन करून कुणाशी तरी बोलले, आणि चिठ्ठीवर कोणतं औषध किती वाजता दिलं हे मिनिटासकट लिहून गाडीत बसवलं. त्यांचं बिल म्हणजे फक्त ईसीजीचे पैसे. शेजारी आज फिरायला जातात. त्या दवाखान्याला कुणी नामांकित म्हणत नाही. मी म्हणतो.

नातेवाइकांनीही एक करायला हवं. डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणारे, काचा फोडणारे लोक गेल्या काही वर्षांत वाढले आहेत आणि राज्यात २०१० पासून त्याविरुद्ध कायदा आहे. मारहाणीच्या भीतीनं हॉस्पिटलं गंभीर रुग्ण घ्यायलाच कचरतात, लवकर पुढे पाठवतात, कागदावर कमीत कमी लिहितात. म्हणजे आपल्याला जे हवं आहे त्याच्या नेमकं उलट होतं. अण्णांच्या त्या तीन रकान्यांबद्दल मी आरडाओरडा केला नाही. त्या तक्त्याची नक्कल मागून घेतली, लेखी तक्रार दिली आणि तीत त्या मुलीचं नाव घातलं नाही. दोन मजल्यांना एकच अननुभवी मुलगी ठेवायचं ज्यांनी ठरवलं, प्रश्न त्यांना होता. उत्तरादाखल मला एक गुळमुळीत पत्र आलं. मात्र आता तिथं रात्री दोन सिस्टर असतात असं परवा एका ओळखीच्यांनी सांगितलं. ते माझ्या तक्रारीमुळे झालं की आणखी कशामुळे, मला सांगता येणार नाही.

सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या समितीला मी नुकतंच एक पत्र दिलं आहे. दर महिन्याला तीन आकडे दारावरच्या फळ्यावर लिहावेत अशी विनंती आहे: किती रुग्ण पुढे पाठवले आणि ते आल्यापासून किती वेळानं, ऑपरेशननंतर किती जखमा चिघळल्या, आणि रात्रपाळीला प्रत्यक्ष किती सिस्टर हजर होत्या. कुणाचं नाव नको, कुणावर ठपका नको. समितीतले एक सदस्य म्हणाले, हे आकडे बाहेर लिहिले तर लोक नावं ठेवतील. अधीक्षक डॉक्टर मात्र पत्र वाचून थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिसरा आकडा लिहायला माझी काहीच हरकत नाही. उलट तो वर जिल्ह्याला दिसला तर मला माणसं तरी मिळतील." पुढची बैठक महिनाअखेरीला आहे.